तळ्यावरच्या शर्यतीसाठी खिळ्यांचे टायर घरी करताना

पुण्याहून मिनियापोलिसला येऊन दोन हिवाळे झालेल्या एका तरुण इंजिनियरने विचारलं आहे: 1998ची होंडा सिव्हिक घेतली आहे, येत्या जानेवारीत गोठलेल्या तळ्यावरच्या हौशी शर्यतीत उतरायचं आहे. चार जुने टायर आणि पत्र्यात मारायचे हजार स्क्रू जमवले आहेत. एका टायरला किती स्क्रू मारू, टोक किती धारदार ठेवू, आणि गाडीत आणखी काय बदलू?

मी सोळा हिवाळे मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर गाडी पळवली आहे आणि त्यातल्या बहुतेक मोसमांचे टायर स्वतःच्या गॅरेजमध्ये केले आहेत. मूळचा कोल्हापूरचा, वडिलांचा उद्यमनगरात लेथ होता, त्यामुळे नट-बोल्टची भाषा लहानपणापासून कानावर आहे. तुमचा प्रश्न संख्येपासून आणि टोकापासून सुरू होतो. मी टायरच्या आतून सुरू करतो. खिळा बर्फात घुसतो तो बाहेरच्या टोकाने, पण तो टिकतो आतल्या बाजूने. हे कळायला माझे दोन मोसम गेले.

आधी स्क्रूंचं बोलू. पत्र्याचा षटकोनी डोक्याचा स्क्रू बाहेरून रबरात फिरवून बसवतात, आणि बर्फ पकडते ती त्याच्या डोक्याची उभी कड. मोटारसायकलवाले वर्षानुवर्षं हेच करतात. 'कोल्ड कटर' नावाचे खास स्क्रू त्यासाठीच मिळतात. मोटारसायकल हलकी असते, तिच्या टायरचं रबर जाड असतं. मोटारीच्या टायरमध्ये नक्षीची खोली 8 ते 9 मिमी, तिच्याखाली जेमतेम 2-3 मिमी रबर, आणि मग पोलादी तारांचा पट्टा. म्हणजे स्क्रूला धरून ठेवायला 10-12 मिमी रबर, बस्स. हजार किलोची गाडी वळणात आडवी लोटली, की तो स्क्रू डोलू लागतो, भोक सैल होतं आणि तो सुटतो. लांब स्क्रू घ्याल तर तो पट्टा भेदून आत जाईल आणि ट्यूब फाडेल. तेव्हा तुमचे हजार स्क्रू सरावाच्या दिवसासाठी ठेवा. शर्यतीसाठी बोल्ट लागतात, आणि तेही आतून बाहेर घातलेले.

त्याही आधी एक सल्ला, विचारला नसला तरी. पहिला मोसम नुसत्या रबरावर, चांगल्या हिवाळी टायरांवर पळवा. जवळपास सगळ्या क्लबांत खिळेवाल्या आणि बिनखिळ्यांच्या गाड्यांचे वर्ग वेगळे असतात. इथल्या इंटरनॅशनल आइस रेसिंग असोसिएशनमध्ये तसंच आहे, कॅनडात ऑन्टारिओच्या मिंडेनला तसंच आहे. रबरावर गाडी हळू चालते, घसरते, आणि घसरताना तिचं वजन पुढून मागे, डावीकडून उजवीकडे कसं सरकतं ते तुमच्या कमरेला कळतं. खिळ्यांवर पकड इतकी जास्त असते की हे शिकायच्या आतच तुम्ही मोठ्या वेगाने कुणाच्या तरी दारात घुसाल. खिळ्यांच्या वर्गात बहुतेक ठिकाणी रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा, सक्तीचा असतो तो यासाठीच. नियमपुस्तक मात्र आज रात्रीच वाचा. बोल्टचा व्यास, बाहेर निघणारी उंची, टोकाचा आकार, टायरमागची संख्या हे प्रत्येक क्लबात निराळं असतं, आणि तपासणीत बाद झालेले टायर तिथे तळ्यावर उणे वीस अंशांत सुधारता येत नाहीत.

आता हिशोब. तुमच्या सिव्हिकला 185/65 आर 14 टायर असतील. त्याचा व्यास सुमारे 596 मिमी, म्हणजे घेर 1870 मिमीच्या आसपास. गाडी आणि तुम्ही मिळून साधारण 1130 किलो, त्यातलं साठ टक्के पुढे. म्हणजे पुढच्या एका चाकावर 330-340 किलो. 30 पीएसआय हवा असताना टायर जमिनीला जेवढा टेकतो त्याची लांबी सुमारे 12 सेंमी, म्हणजे घेराच्या सहा-साडेसहा टक्के. टायरला 240 खिळे असले तर कुठल्याही क्षणी पंधरा-सोळाच बर्फावर असतात, प्रत्येकावर वीस-एकवीस किलो. हौसेने 500 मारलेत तर बर्फावर बत्तीस येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा किलो. उणे वीसला तळ्याचा बर्फ फार कडक असतो. दहा किलोला खिळा त्यात नीट उतरत नाही. मग गाडी खिळ्यांच्या टोकांवर तरंगते आणि रबरही बर्फाला लागत नाही. ज्यांनी 'जास्त खिळे म्हणजे जास्त पकड' असं समजून रात्र-रात्र बसून टायर भरले, त्यांना शून्याजवळच्या मऊ बर्फावर फायदा झाला आणि खऱ्या थंडीत गाडी वळेना. याच कारणासाठी अरुंद टायर घ्या. 175चा मिळाला तर आणखी बरं.

तुलनेसाठी सांगतो, स्वीडनच्या जागतिक रॅलीत वापरतात त्या टायरला 384 खिळे असतात. एकेक 20 मिमी लांब, बाहेर साडेसहा-सात मिमी दिसणारा, टोकाला टंगस्टन. ते टायर खिळ्यांसाठीच घडवलेले असतात, खिळा रबरात खोलवर घट्ट बसवलेला असतो. आपण बाजारातल्या टायरला भोकं पाडतो, त्यामुळे त्यांचा आकडा आपल्याला लागू होत नाही.

मी एका टायरला सहा ओळी, प्रत्येकीत 40, असे 240 घेतो. एका ओळीत दोन खिळ्यांमधलं अंतर 47 मिमी. पण ओळ सरळ ठेवत नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांनी कच्च्या रस्त्यात चाकोरी पडते आणि मागची प्रत्येक गाडी त्याच चाकोरीतून सुखाने जाते, तेच बर्फावर होतं. पहिल्या खिळ्याने चर पाडला आणि दुसरा त्याच चरातून गेला, तर दुसऱ्याने काहीच काम केलं नाही. म्हणून प्रत्येक खिळा आधीच्यापेक्षा तीन-चार मिमी डावी-उजवीकडे हवा. पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून तिच्यावर भोकांचा नमुना एकदा नीट आखा, ती टायरवर गुंडाळा आणि पांढऱ्या पेनने खुणा करा. बाहेरच्या दोन्ही ओळी टायरच्या खांद्याजवळ, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेकडे घ्या, वळणात गाडी त्यांच्यावर उभी राहते. मधल्या ओळी वेग घेताना आणि ब्रेक लावताना कामाला येतात. पट्ट्याच्या अगदी कडेला भोक पाडू नका, टायर तिथूनच फाटतो.

सामान असं घ्या. दोन सुती (म्हणजे पाव इंची) कॅरेज बोल्ट, एक इंच लांब. गोल गुळगुळीत डोक्याचा, जो लाकडी फाटकाला लावतात तोच. षटकोनी डोकं आत नको, त्याचे कोपरे ट्यूब कापतात. कॅरेज बोल्टच्या डोक्याखाली चौकोनी मान असते, ती साध्या दोन सुती वायसरमध्ये बसत नाही. म्हणून अडीच सुती बोल्टासाठीचा, रुपयाएवढा रुंद वायसर घ्या. मान त्यात उतरते, खालच्या रबरात रुतते आणि नट आवळताना बोल्ट गरगर फिरत नाही. स्टेनलेस घेऊ नका. गंजत नाही खरा, पण टोक एका दिवसात बोथट होतं. बोल्ट, वायसर, नट मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतं. 240 म्हणजे चाकामागे साडेतीन किलो. हे वजन फिरतं आहे, हे लक्षात असू द्या.

ड्रिल बाहेरून आत, दीड सुती बिटाने, नक्षीच्या ठोकळ्याच्या मधोमध. भोक बोल्टपेक्षा लहानच हवं. बिट पोलादी पट्ट्यातून जाताना आवाज बदलतो आणि बिट तापतं. तिथे जोर लावू नका, धार गेली की बदला, चार टायरांना डझनभर बिटं लागतात. भोक पडल्यावर आत हात घातलात तर पट्ट्याच्या तारांची टोकं कुसळांसारखी वर आलेली लागतील. हातमोजे घाला आणि ती सगळी, एकूणएक, छोट्या ग्राइंडरने घासून काढा. माझ्या पहिल्या मोसमात हे काम मी उरकून टाकलं होतं. तिसऱ्या फेरीत उजव्या पुढच्या चाकातली हवा बसली आणि गाडी हिमाच्या बांधात जाऊन अडकली. घरी टायर उघडला तेव्हा ट्यूबला एक नव्हे, नऊ बारीक भोकं होती. एकाही बोल्टने ती पाडली नव्हती, सगळी तारांनी पाडली होती.

मग टायर फाकवून बोल्ट आतून बाहेर घाला. फाकवायला पंक्चरवाल्याकडे असतो तसा स्प्रेडर भाड्याने घ्या. नुसत्या हातांनी 960 बोल्ट होत नाहीत. बाहेरून नट आवळा, तो रबरात दोनेक मिमी रुतेपर्यंत. नटावर थ्रेड लॉक करणारं द्रव लावा. नटाच्या पुढे बोल्टचा जो भाग उरतो, साधारण सहा मिमी, त्याला ग्राइंडरवर टोक द्या. सुईसारखं अणकुचीदार नको. ते पहिल्या दहा मिनिटांत वाकतं किंवा झिजतं. छिन्नीसारखं पातं करा. पुढच्या चाकांना छिन्नीची धार चाकाच्या आडवी ठेवली तर वेग घेताना आणि ब्रेकला पकड मिळते, उभी ठेवली तर वळणात. मी मधल्या ओळींना आडवी, खांद्याच्या ओळींना उभी ठेवतो.

आता आतलं अस्तर. आपल्याकडे ट्रकवाले कापलेल्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा घालतात, त्याला गेटर म्हणतात. इथे पूर्ण घेराचा गेटर लागतो. बोल्टांच्या डोक्यांवर आधी कापडी चिकटपट्टीचे तीन थर, त्यावर बाजू कापून टाकलेल्या लहान, गुळगुळीत झालेल्या टायरचा पट्टा, त्याच्या टोकांचा जोड तासून चपटा केलेला, आणि मग भरपूर टाल्कम पावडर मारलेली ट्यूब. पावडरीशिवाय ट्यूब अस्तराला चिकटते आणि वॉल्व्हजवळ फाटते. एवढं केल्यावर टायर जड होतो, पण तो पूर्ण मोसम टिकतो. मी ज्यांना टायर करताना पाहिलं, त्यातल्या बहुतेकांनी बाहेरच्या टोकांवर चार संध्याकाळी घालवल्या आणि अस्तरावर अर्धा तास. प्रमाण उलटं करा.

हवा 30-32 पीएसआय ठेवा. कमी हवेत टायर जास्त दबतो, प्रत्येक बोल्ट पुढे-मागे डोलतो आणि भोक मोठं होत जातं. पहिली फेरी संपली की गाडी जॅकवर घेऊन सगळे नट पुन्हा आवळा. रबर दबलेलं असतं, निम्मे तरी पाव फेरा घेतात. मागच्या चाकांना कमी खिळे मारले तर पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी झटकन वळते, म्हणून अनुभवी लोक तसं करतात. तुम्ही चारही चाकं सारखी ठेवा. मागचा भाग सुटला की सावरायची सवय अजून हातात नाही.

एक गोष्ट कडकपणे सांगतो. फिरणाऱ्या चाकाजवळ माणूस नको. गाडी हिमात अडकली म्हणून मागून ढकलायचं, कुणीतरी ॲक्सिलरेटर द्यायचा, हे खिळ्यांच्या टायरवर कधीही करायचं नाही. दोरीने ओढा. जॅकवर गिअर टाकून चाक फिरवून बघायचं नाही. चाकांमागे जाड रबरी मडफ्लॅप लावा; सुटलेला नट मागच्या गाडीची हेडलाइट फोडताना मी पाहिला आहे, ती काच होती म्हणून निभावलं.

खिळ्यांमुळे चाकाची त्रिज्या जवळपास 10 मिमीने वाढते. स्टिअरिंग टोकाला फिरवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा: प्लास्टिकचं अस्तर, ब्रेकचा होज, मडगार्डची कड, काहीही लागता कामा नये. ब्रेकचा होज लागत असेल तर त्या दिवशी गाडी खाली उतरवू नका. आणि मिनेसोटात रस्त्यावर खिळ्यांचे टायर चालत नाहीत, त्यामुळे गाडी ट्रेलरवरून न्यायची, साध्या चाकांवर, आणि चाकं तळ्यावर बदलायची.

बाकीच्या गाडीत पैसे घालायची घाई करू नका. इंजिनाची ताकद इथे फारशी उपयोगी पडत नाही. खरी भानगड असते ती हिमाच्या भुकटीची. खिळे बर्फ खरवडतात, ती भुकटी पिठासारखी उडते आणि सगळीकडे शिरते. एअर फिल्टरमध्ये ती गोठते आणि इंजिन गुदमरतं. म्हणून हवेचा पाइप पुढून काढून एक्झॉस्टच्या बाजूची गरम हवा घेईल असा वळवा. रेडिएटरची जाळी भुकटीने बंद होते, तेव्हा तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. थंडीत गाडी तापणार नाही हा भ्रम आहे. डिस्ट्रिब्युटरला सिलिकॉन ग्रीस लावून वर प्लास्टिकचं आवरण बांधा. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवलं की उणे 37 पर्यंत गोठत नाही, नुसतं पाणी घालायचा मोह नको. इंजिन ऑइल थंडीतही पातळ राहणारं, 0डब्ल्यू किंवा 5डब्ल्यू. बॅटरी नवी. हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, ब्रेक गोठून चिकटतात, गिअरमध्ये ठेवा.

पण मी तपासणी करायला उभा राहिलो तर सगळ्यात आधी काच बघेन. पुढच्या गाडीच्या भुकटीत शिरलात की सगळं पांढरं होतं, तीन-चार सेकंद काहीच दिसत नाही. वजन कमी करायचं म्हणून हीटर काढून टाकणारे असतात. तुम्ही काढू नका. काचेवर येणारी गरम हवा हे तुमचं पहिलं सुरक्षासाधन आहे. दुसरं म्हणजे मागच्या काचेत, उंचावर, सतत जळणारा प्रखर दिवा. मागच्याला तुमची गाडी दिसत नाही, तो दिवाच दिसतो. आतल्या बाजूने काचेवर तुमच्या श्वासाची वाफ गोठते, म्हणून हेल्मेटचा श्वास खाली जाईल अशी सोय करा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा.

सस्पेन्शन मऊ असू द्या. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारी पोलादी सळी, काढला तर गाडी वळणात वजन टाकते आणि बाहेरचे खिळे नीट रुततात. डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, वेल्ड करून बंद करायची की नाही हा वाद जुना आहे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत स्टिअरिंग हातातून निसटू बघतं, म्हणून पहिल्या दोन मोसमांत हात लावू नका.

शेवटी बर्फ. मराठीत आपण सगळ्याला बर्फच म्हणतो, पण इथे काळसर पारदर्शक बर्फ आणि हिम मिसळून गोठलेला पांढरा बर्फ यांत जीव जाईल इतका फरक आहे. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं छोट्या मोटारीसाठी 9 ते 10 इंच स्वच्छ, नव्या बर्फाची शिफारस करतं आणि पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मी धरायला सांगतं. शर्यतीला याहून बराच जाड लागतो, कारण एकाच वेळी अनेक गाड्या, ट्रेलर, ट्रक तळ्यावर उभे असतात. जाडी क्लबाचे लोक भोकं पाडून मोजतात. तुम्हीही विचारा, किती ठिकाणी मोजली आणि कधी. गाड्या एकमेकींना खेटून उभ्या करू नका, पन्नास फूट अंतर ठेवा आणि दर दोन तासांनी जागा बदला, दिवसभराच्या भाराने बर्फ खाली वाकतो. किनाऱ्याजवळ हळू चला, गाडीखाली पाण्यात लाट तयार होते आणि ती कडेला बर्फ फोडते. ट्रॅकवर सीटचा पट्टा आवळलेला हवाच, पण किनाऱ्यापासून ट्रॅकपर्यंत जाताना पट्टा सोडा आणि काच खाली घ्या. मिंडेनसारख्या ठिकाणी जत्रेच्या मैदानावर पाणी मारून ट्रॅक गोठवतात, तिथे खाली माती असते आणि ही काळजी नसते. कधी संधी मिळाली तर पहिली शर्यत तिथे करा.

दिवस संपला की ऑइलचे थेंब शोषक कापडाने टिपा, आणि चारही टायरांचे बोल्ट मोजा. जेवढे कमी भरले तेवढे बर्फावर पडलेले आहेत. चुंबकाची पट्टी घेऊन ट्रॅकभर फिरा आणि ते शोधा. एप्रिलमध्ये ते तळाला जातील आणि जुलैमध्ये तिथे मुलं पोहणार आहेत.

टायर एक मोसम, फार तर दोन. भोकांतून पाणी पट्ट्यात शिरतं आणि तारा आतून गंजतात, बाहेरून काही दिसत नाही. टाकून देताना बोल्ट काढले तरी करवतीने टायरची कड आरपार कापा. नाहीतर बरी दिसणारी नक्षी बघून कुणीतरी तो आपल्या गाडीला लावेल आणि हायवेवर नेईल.